राजाच्या पंक्तीतील जागा

शास्त्रभाग : २ शमुवेल ९:१-१३, नीतिसूत्रे १२:१०



पवित्र शास्त्रात कुत्र्याला फारसा मान दिलेला आढळत नाही. दाविदाच्या हातातली काठी पाहून गल्याथाला संताप आला, तो आपल्याला कुत्र्याच्या पायरीला बसवल्याचा. ईजबेलीच्या अंताच्या भयंकर वर्णनात कुत्री आहेत. आपल्या ओकारीकडे परतणारा कुत्रा तर मूर्खाचा दाखलाच होऊन बसला. म्हणून योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ राजासमोर पालथा पडून स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा देतो, तेव्हा त्याला एवढेच सांगायचे असते की, महाराज, माझ्याइतके टाकाऊ या राज्यात दुसरे काही नाही.

हा मफीबोशेथ कोण, हे संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक आहे. शौल व योनाथान रणात पडल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, त्या घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला (२ शमुवेल ४:४). पुढे तो लो-दबार येथे माखीर नावाच्या माणसाच्या घरी आश्रयाला राहिला. नव्या राजाचे शिपाई एक दिवस दाराशी आले तेव्हा त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. जुन्या राजघराण्यातील मुलाला नवा राजा बोलावतो, तो बहुधा मारण्यासाठीच. परंतु दाविदाला योनाथानाशी केलेला करार आठवत होता. या अध्यायात तीन वेळा जो शब्द येतो तो इब्री भाषेत 'हेसेद' असा आहे. दया एवढाच त्याचा अर्थ नाही. दिलेल्या शब्दाला जागणारी दया, असा आहे.

दाविदाने या दयेपोटी काय केले, ते क्रमाने पाहा. प्रथम त्याने त्या तरुणाची भीती घालवली. मग त्याच्यासाठी व्यवस्था केली. आणि पंक्तीतील जागा दिली ती एका दिवसाच्या मेजवानीपुरती नव्हे, तर नेहमीसाठी दिली. भीती घालवणे, व्यवस्था करणे आणि शब्द टिकवणे, या तीन गोष्टी मिळून आश्रय पुरा होतो. यातील एक जरी गळली तरी त्याला आश्रय म्हणता येत नाही, तात्पुरता कळवळा म्हणावे लागते.

आज या उजेडात मी माणसांविषयी नव्हे, तर खऱ्याखुऱ्या कुत्र्यांविषयी बोलणार आहे. मुलांना आनंद वाटेल. काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतील. त्यांना विनंती की, शेवटपर्यंत वाचावे.

हा विषय मंडळीला परका नाही

आपल्या बहुतेक मोठ्या शहरांत आज कुत्र्यांचे निवारे आहेत. चेन्नईची ब्लू क्रॉस ही संस्था १९५९ पासून काम करते; हैदराबादची ब्लू क्रॉस १९९२ मध्ये निघाली. अशा निवाऱ्यांत कोण येते? गाडीखाली सापडलेली कुत्री येतात. आई मेलेली पिल्ले येतात. आणि ज्यांच्या गळ्यात कालपरवापर्यंत पट्टा होता अशीही येतात. मालकाची बदली झाली, घरमालकाने हरकत घेतली, नाहीतर नाताळची भेट म्हणून आणलेले गोंडस पिल्लू आठ महिन्यांत मोठे झाले आणि चपला फाडू लागले.

हे काम ख्रिस्ती लोकांनी पूर्वीच ओळखले होते. १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध पहिली मोठी संस्था उभी राहिली. ती सभा बोलावणारे रेव्हरंड आर्थर ब्रूम हे पाळक होते. गुलामगिरीविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स संस्थापकांत होते. संस्था कर्जात बुडाली आणि त्या कर्जापायी १८२६ मध्ये ब्रूमसाहेबांना तुरुंगात जावे लागले. पुढे १८६० मध्ये त्याच शहरात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी बेवारशी कुत्र्यांसाठी निवारा काढला. वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. त्यांच्या मदतीला होते त्यांचे बंधू रेव्हरंड एडवर्ड बेट्स. १८७१ मध्ये हा निवारा बॅटर्सी येथे गेला आणि आजही तो त्याच नावाने चालू आहे. तेव्हा कोणी हसले म्हणून आपण संकोचू नये.

पहिली गोष्ट : भीती घालवणे

रविवारी उपासनेनंतर मी अधूनमधून आमच्या शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात जातो. कुत्रा घ्यायला आलेली माणसे पिंजऱ्यांपुढून कशी जातात ते मी पाहिले आहे. जो कुत्रा मागच्या भिंतीला चिकटून बसतो, त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. जो जाळीवर उड्या मारतो, त्याला 'फार दांडगा' म्हणून सोडतात. वास्तविक या दोघांनाही एकच रोग झालेला असतो. माणसाजवळ कसे राहावे, हे त्यांना कळेनासे झालेले असते.

तेथील एक वृद्ध सेवक आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. भ्यालेल्या कुत्र्याकडे मामा सरळ चालत जात नाहीत. पिंजऱ्यात शिरून ते जमिनीवर बसतात, तेही पाठमोरे किंवा कुशीवर वळून. डोळ्याला डोळा देत नाहीत, डोक्यावरून हात नेत नाहीत. खिशातल्या उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे थोड्या अंतरावर टाकत राहतात. पहिल्या दिवशी कुत्रा येतच नाही. मामा गेल्यावर तुकडे खातो. चार-सहा दिवसांनी तो मामांच्या गुडघ्यापर्यंत येतो. मग हातातून खातो. त्यानंतरच मामा त्याच्या हनुवटीखाली किंवा छातीला हळूच स्पर्श करतात. पुढे पट्टा, मग दारापर्यंत फेरी, मग रस्ता. कुत्रा येईल तेव्हा येऊ द्यायचा, ओढायचा नाही, एवढेच त्यांचे शास्त्र आहे.

उड्या मारणाऱ्यासाठी रीत वेगळी. त्याने उडी मारली की मामा पाठ फिरवून उभे राहतात. चारही पाय जमिनीला लागले की लगेच तुकडा आणि गोड शब्द. थोड्याच दिवसांत त्याला उमजते की, उभे राहून मिळते, उडी मारून मिळत नाही. जेवणाचे भांडे ठेवण्यापूर्वी बसायचे, दार उघडताना थांबायचे, कान व पाय तपासू द्यायचे, हेही असेच शिकवले जाते. काठीला येथे जागा नाही. माराने कुत्रा भितो, शिकत नाही. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. गुरगुरल्याबद्दल मारले तर तो सूचना देणे सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो.

पिल्लांच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लाचा माणसाशी प्रेमाने संबंध आला तर ते माणसाळते; तो काळ हुकला तर पुढे फार कष्ट पडतात, असे त्यांना आढळले. संडे स्कूलच्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. कोवळ्या वयातील चार प्रेमळ हातांचे मोल ते जाणतात. परंतु वय झालेल्या कुत्र्याविषयीही निराश होऊ नये. त्याला वेळ अधिक लागतो, इतकेच.

येथे कोणी विचारील, कृपेला अट नसते, मग आधी शिकवायचे कशाला? उत्तर सोपे आहे. मामा त्या कुत्र्याजवळ बसले तेव्हा त्याने काहीच शिकलेले नव्हते. प्रेम आधी झाले. शिकवण नंतर आली, आणि ती त्या कुत्र्याला घरात नांदता यावे म्हणून आली. आपल्या बाबतीतही ख्रिस्ताने असेच केले. आपण सुधारल्यावर तो आला नाही. तो आला आणि मग त्याने आपल्याला चालायला शिकवले.

दुसरी गोष्ट : योग्य व्यवस्था

दाविदाने मफीबोशेथाला गोड बोलून भागवले नाही. त्याने शौलाची शेते परत दिली आणि ती कसायला सीबा, त्याचे पंधरा मुलगे व वीस चाकर लावून दिले. हा लंगडा माणूस, याला स्वतः नांगर धरता येणार नाही, हे त्याने ध्यानात घेतले. घेणाऱ्याची गरज पाहून देणे, याला व्यवस्था म्हणतात.

निवाऱ्यात एक तांबूस रंगाची कुत्री होती. गाडीच्या धक्क्याने तिचा मागचा एक पाय अधू झाला होता. एका तरुण जोडप्याला तिची दया आली व त्यांनी तिला नेले. घर तिसऱ्या मजल्यावर. दोघेही सकाळी नऊला बाहेर पडत ते संध्याकाळी सातला येत. कुत्री दिवसभर रडे, शेजारी तक्रार करीत, जिने चढताना तिचा पाय दुखे. नवव्या दिवशी ती परत आली. त्या जोडप्याचे मन वाईट नव्हते आणि कुत्रीही वाईट नव्हती. घर जुळले नव्हते. परत आल्यावर मात्र ती पुन्हा भिंतीला चिकटली आणि मामांना सारे पहिल्यापासून करावे लागले.

यास्तव कुत्रा आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून काही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. दिवसा घरी कोण असते? घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय? घरात रांगते मूल किंवा तोल जाणारे वृद्ध आहेत काय? सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? मुले हौसेने 'आम्ही' म्हणतील, परंतु परीक्षेच्या दिवसांत कोण? लस, जंताचे औषध, गोचिडांचे औषध, नसबंदी, आजारपण यांचा खर्च झेपेल काय? आणि नाताळला सगळे गावी जातील तेव्हा कुत्रा कोणाकडे राहील? रोज दोन तास धावणारा तरणा कुत्रा आजोबांना देऊ नये. शांत, वय झालेला कुत्रा त्यांना सोबत करील. निवाऱ्यानेही कुत्र्याचे दोष झाकू नयेत. याला मांजर खपत नाही, हा जेवताना जवळ आलेले सोसत नाही, हे आधी सांगावे. खोटी वजने वापरून जमवलेली सोयरीक टिकत नाही.

तिसरी गोष्ट : शब्द टिकवणे

मफीबोशेथाला मिळालेली जागा नेहमीची होती. ती कसोटीलाही लागली. पुढे कित्येक वर्षांनी शौलाच्या वंशजांचे प्राण मागितले गेले, तेव्हा दाविदाने योनाथानाशी घेतलेली शपथ स्मरून मफीबोशेथाला वाचवले (२ शमुवेल २१:७). शब्द देणे एका दिवसाचे काम असते, पाळणे वर्षांचे. कुत्र्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे. घरी आणताना मूल पाचवीत असेल, तर त्याचे शिक्षण संपेपर्यंत हा सोबती घरात राहणार.

सुरुवातीचा काळ नाजूक असतो. जाणकारांचा एक ठोकताळा आहे : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो. खात नाही, लपतो, किंवा अगदी गप्प राहतो. तीन आठवड्यांत घराची दिनचर्या त्याला कळू लागते आणि त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. तीन महिन्यांनी त्याला वाटू लागते की, हे आपले घर. ठोकताळा तो ठोकताळाच. कोणाला कमी लागेल, कोणाला वर्ष लागेल. म्हणून चौथ्या दिवशी 'हा जमणार नाही' असा निकाल देऊ नये.

पहिल्या दिवशी शेजारपाजाऱ्यांना पाहायला बोलावू नका, आंघोळ घालू नका. एक शांत कोपरा, जुने अंथरूण, पाणी, आणि निवाऱ्यात मिळत होते तेच खाणे द्या. बदल हळूहळू करा. बाहेर नेताना पट्टा पक्का असू द्या, कारण नव्या घरातून पळालेला कुत्रा परतीची वाट जाणत नाही. दिवाळीच्या आणि नाताळच्या फटाक्यांत त्याला आतल्या खोलीत ठेवा. नाताळच्या केकचा तुकडा प्रेमाने भरवू नका. मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषासमान आहेत. मुलांना तीन नियम पाठ करून घ्या : खाणाऱ्या कुत्र्याला छेडायचे नाही, झोपलेल्याला उठवायचे नाही, गळ्याला मिठी मारायची नाही. लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेखालीच एकत्र ठेवावे.

आणि कोणताही कुत्रा चावला, ओळखीचा असला तरी, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. गोव्यात गेल्या दशकात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचल्यावर माणसांचे या रोगाने होणारे मृत्यू फार घटले. तेव्हा कुत्र्याची दया आणि शेजाऱ्याच्या लेकराची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली व परिसरातील मोकाट कुत्र्यांचा प्रश्न आला. त्या वेळी देशभर मोठा वाद झाला. २२ ऑगस्टच्या आदेशात एक कलम असे होते की, प्राणिप्रेमींनी नगरपालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घ्यावेत, परंतु ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी अर्जदाराची राहील. प्रेम करतो म्हणणाऱ्याने भारही उचलावा, हे न्यायालयाने सांगितले. दाविदाच्या मेजावरून आपण हेच शिकलो आहोत.

एक आक्षेप

माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे कौतुक कशाला, असे कोणी विचारतात. प्रश्न खोटा नाही. माणसाचे मोल अधिक आहे, असे प्रभूनेच शिकवले. परंतु तोच प्रभू म्हणतो की, कवडीमोल चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही (लूक १२:६). निनवेची कीव करताना देवाने तेथील जनावरांचाही उल्लेख केला (योना ४:११). सुरफुनीकी बाईच्या गोष्टीत (मार्क ७) मुख्य विषय तिचा विश्वास हाच आहे. तरी तेथे मूळ ग्रीक भाषेत लहान कुत्र्यासाठीचा शब्द आहे, आणि त्या बाईच्या डोळ्यांपुढे मेजाखाली बसलेली कुत्री आहेत. मुलांची भाकर कोणी हिसकावून घेत नाही. चुऱ्याला कोणी हरकत घेत नाही. ज्या घरात मुलांना भाकर मिळते आणि मेजाखाली चुराही पडतो, ते घर कंजूष नसते. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची पर्वा करतो, असे नीतिसूत्रांत ज्याने लिहिले, त्याच ग्रंथात गरिबाच्या कैवाराची वचने पानोपानी आहेत.

मंडळीने काय करावे

प्रत्येकाने कुत्रा पाळावा, असे माझे म्हणणे नाही. ज्याला जमणार नाही त्याने न पाळणे हीही दयाच आहे. परंतु तरुण संघाला महिन्यातून एक शनिवार निवाऱ्यात देता येईल. भ्यालेल्या कुत्र्याजवळ बसून मोठ्याने शास्त्र वाचले तरी चालते. त्याला माणसाच्या शांत आवाजाची सवय होते. महिला मंडळाला जुन्या चादरी व गोधड्या गोळा करता येतील. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मफीबोशेथाचा धडा घेताना मुलांना विचारावे : तुमच्या गल्लीत भिऊन कोपऱ्यात बसणारे कोण आहे? मुले कुत्र्याचे नाव घेतील, आणि कदाचित वर्गातल्या एखाद्या मुलाचेही घेतील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

त्या तांबूस कुत्रीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आमच्या मंडळीतील एक निवृत्त शिक्षिका निवाऱ्यात आल्या होत्या. घर तळमजल्यावर, अंगण लहान, दिवसभर त्या घरीच. मामांनी काही न लपवता सांगितले, "बाई, ही धावणार नाही, बरं का. पाय कायमचा गेलाय."

बाई म्हणाल्या, "मी तरी आता कुठे धावते, मामा?"

त्यांनी लगेच नेले नाही. पंधरा दिवस रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसल्या, आणि मग नेले. आता दोघी सकाळी चर्चच्या आवाराला एक फेरी घालतात. कुत्री अजून लंगडते. मोठा आवाज झाला की अजून बाईंच्या पायामागे दडते.

शमुवेलाचा नववा अध्याय कोठे संपतो, पाहा. मफीबोशेथ राजाच्या पंक्तीस नेहमी जेवीत असे, हे सांगून झाल्यावर लेखक पुन्हा सांगतो की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाले नाहीत. पंक्तीतील जागाही गेली नाही. आपणही त्या मेजाशी बसलो आहोत ते आपापले लंगडेपण घेऊनच. हे ज्याला उमगले, तो दुसऱ्या कोणाचे लंगडेपण पाहून दार लावणार नाही. मग तो माणूस असो, वा देवाने निर्माण केलेला मुका जीव असो.

प्रार्थना : हे दयाळू देवबापा, आम्ही दूर होतो तेव्हा तू आम्हांस बोलावून घेतलेस व आमची भीती घालवलीस. आम्हांस सावकाश प्रेम करण्यास शिकव. दिलेला शब्द पाळण्यास बळ दे. आमच्या घरांत दुर्बळांना जागा असू दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.